डायनामो अण्णांचाच, दिवा एलईडीचा: आठ महिन्यांनंतर

अण्णांच्या चोवीस इंची सायकलचे बल्ब काढून मी गेल्या जूनमध्ये एलईडी बसवले. डायनामो तोच ठेवला, टायरला टेकणारा. कुपवाड एमआयडीसीत माझी सेकंड शिफ्ट असते, सुटायला अकरा वाजतात, आणि तिथून मिरजेपर्यंत रोज याच दिव्यावर येतो. पावसाळा काढला, आता उसाचा हंगामही संपत आलाय. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

डायनामो ६ व्होल्ट, ३ वॅटचा आहे. पुढे २.४ वॅटचा बल्ब, मागे ०.६ वॅटचा. चढाला वेग कमी झाला की पुढच्या बल्बची तार नुसती लाल दिसायची, उजेड नाहीच. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाट्याचा करंट पुढच्यात जायचा आणि पुढच्या उताराला तोही उडायचा. अण्णा काडेपेटीत कापूस घालून दोन बल्ब कायम खिशात ठेवायचे. ती काडेपेटी अजून घरात आहे.

चार्जिंगचा दिवा घे, असं खूप जणांनी सांगितलं. पण शिफ्टच्या माणसाला रोज आठवणीने चार्जिंग लावणं जमत नाही. डायनामो टेकवला की दिवा लागतो, यात लक्षात ठेवायचं काहीच नाही.

जोडणी सोपी आहे. डायनामोचा करंट एसी (सतत दिशा बदलणारा) असतो, एलईडीला डीसी (एकाच दिशेचा) लागतो. म्हणून चार शॉट्की डायोडचा (डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो) ब्रिज, म्हणजे एसीचा डीसी करणारी जोडणी केली (१एन५८१९ घेतले, साध्या डायोडपेक्षा यात व्होल्टेज कमी वाया जातं). त्यापुढे करंटची लाट सपाट करायला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३ वॅटचे दोन पांढरे एलईडी सिरीजमध्ये. करंट आवरणारं वेगळं सर्किट (ड्रायव्हर) लागत नाही. वेग कितीही वाढला तरी या डायनामोचा करंट अर्ध्या अँपिअरच्या आसपासच अडतो, कारण त्याची कॉइलच त्याला धरून ठेवते. ३ वॅटच्या एलईडीला तेवढा सहज सोसतो, फक्त उष्णता निघायला मागे अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी हवी.

पहिल्याच रात्री मात्र उजेड निम्माच पडला. दोन दिवस मी डायोड बदलत बसलो. चूक वेगळीच होती. जुन्या दिव्याला एकच वायर असते, परतीचा रस्ता सायकलच्या फ्रेममधून. मी सवयीने एलईडीचा मायनस दिव्याच्या क्लॅम्पला जोडला होता. ब्रिज लावल्यावर मायनस आणि फ्रेम एक राहत नाहीत. एक केले की अर्धी लाट सरळ शॉर्ट होते. मायनसची वेगळी वायर ओढली, क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबचा तुकडा दिला आणि समोरचा रस्ता एकदम पांढरा झाला. हे करणाऱ्याने दोन वायरींनीच सुरुवात करावी.

कपॅसिटर किमान ३५ व्होल्टचा घ्या. धक्क्याने एलईडीची वायर सुटली आणि तुम्ही उताराला असाल, तर लोड नसलेल्या डायनामोचं व्होल्टेज खूप वर जातं. १६ व्होल्टचा फुगतो, माझा एक फुगला.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मागचा दिवा. साधा लाल एलईडी, २२० ओमच्या रेझिस्टरवर, सोबत १ फॅरड ५.५ व्होल्टचा सुपरकपॅसिटर, म्हणजे छोट्या बॅटरीसारखी वीज साठवणारा कपॅसिटर. त्याचं व्होल्टेज वर जाऊ नये म्हणून ४७ ओमचा रेझिस्टर आणि ५.१ व्होल्टचा झेनर डायोड. साठलेला करंट उलटा फिरू नये म्हणून एक डायोड. निघाल्यावर पहिला मिनिटभर पुढचा उजेड जरा कमी पडतो, कारण हा भरत असतो. नंतर सायकल थांबली तरी मागचा लाल दिवा चार-पाच मिनिटं चालू राहतो. बल्बच्या दिवसांत चाक थांबलं की पुढे-मागे दोन्हीकडे अंधार. आणि मी थांबतो कधी, तर मागून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर येतो तेव्हा. डांबर सोडून कडेला उभा राहतो. त्या वेळी मागे काहीतरी पेटलेलं असणं म्हणजे काय, ते त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच कळेल. डिसेंबरात एका ड्रायव्हरने ओरडून सांगितलं, "लाइट लांबनं दिसतीय बघा!"

पायाला पडणारा जोर कमी झालेला नाही. लोड जवळपास तेवढाच आहे, घरघरही तीच. उजेड मात्र कितीतरी जास्त आणि चढालाही टिकून, चालण्यापेक्षा थोडा वेग असला तरी खड्डा दिसतो.

लेन्सच्या बाबतीत मी समाधानी नाही. साधी गोल लेन्स समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा प्रकाश वरून कापलेलाच असावा असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. मी दिवा खाली वाकवून वर पत्र्याचा छज्जा लावलाय, तेवढ्यावर भागतं.

पावसाचा प्रश्न तसाच आहे. टायरची कड ओली आणि चिखलाची झाली की डायनामोचं चाक घसरतं आणि दिवा लुकलुकतो. स्प्रिंग बदलून थोडा फरक पडला. जुलैत दोन रात्री मात्र शेवटचा अर्धा किलोमीटर सायकल हातात धरून चालत आलो, मागचा लाल दिवा तेवढा चालू होता.