एएस/४०० चं आधुनिकीकरण: ओपन सोर्स साधनं त्याच मशीनवर, की सगळं लिनक्सवर?

आयबीएमच्या एएस/४०० या जुन्या व्यवसायसंगणकावर वर्षानुवर्षं चालत आलेलं स्टॉक, बिलिंग किंवा खतावणीचं काम नव्या साधनांवर आणायचं आहे, आणि ती साधनं ओपन सोर्सच हवीत, एवढं ठरलं असेल तर निर्णय एकच उरतो. मशीन तेच ठेवून गिट, पायथन, नोड त्याच्यावर आणायचे, की कोबॉल प्रोग्रॅम उचलून लिनक्सवर न्यायचे, ग्नूकोबॉल या मुक्त कंपायलरने कंपाइल करायचे आणि फायलींच्या जागी पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस बसवायचा? मी एका बऱ्यापैकी मोठ्या स्टॉक प्रणालीसाठी दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. ग्रीन स्क्रीनवर, म्हणजे जुन्या निव्वळ मजकुराच्या पडद्यावर, नुसता वेबचा मुलामा चढवणारी उत्पादनं इथे धरलेली नाहीत. त्यांनी दिसणं बदलतं, आतला प्रोग्रॅम आहे तसाच राहतो.

आधी लिनक्सबद्दल, कारण बहुतेकांचा ओढा तिकडे असतो आणि तो रास्त आहे. ग्नूकोबॉल हा कच्चा प्रयोग राहिलेला नाही. ओपनकोबॉल या नावाने सुरू झालेला हा कंपायलर २०१३ मध्ये ग्नू प्रकल्पात आला आणि त्याची ३.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. तो कोबॉलचं सी भाषेत रूपांतर करतो आणि पुढचं काम जीसीसीकडे सोपवतो. आयबीएमच्या बोलीसाठी वेगळी सेटिंग आहे, कॉम्प-३ म्हणजे पॅक्ड दशांश आकडे तो नीट सांभाळतो. निव्वळ हिशेबाचे बॅच प्रोग्रॅम माझ्याकडे अगदी थोड्या बदलांत उभे राहिले. वेग मी घड्याळ लावून मोजला नाही, पण रात्रीची प्रक्रिया लवकर उरकते आहे हे जाणवत होतं.

पडद्यावरचे प्रोग्रॅम मात्र तसे येत नाहीत. डीडीएस या एएस/४०० च्या वर्णनभाषेत लिहिलेल्या डिस्प्ले फायली (पडद्यांची मांडणी) आणि सबफाइल (पडद्यावरच्या याद्या) यांना ग्नूकोबॉलमध्ये जोड नाही. त्याचा स्क्रीन सेक्शन आहे, पण तो वेगळ्याच पद्धतीचा. म्हणजे पडदे नव्याने लिहायचे, आणि लिहायचेच तर वेबवर लिहावेत हे बरं. सीएल या मशीनच्या आज्ञाभाषेतल्या प्रोग्रॅमच्या जागी शेल स्क्रिप्ट येतात. लायब्ररी लिस्टचं, म्हणजे फायली कुठे शोधायच्या त्या यादीचं, काम पोस्टग्रेएसक्यूएलच्या सर्च पाथवर बऱ्यापैकी भागतं, क्यूटेम्प या तात्पुरत्या लायब्ररीच्या जागी तात्पुरती टेबलं चालतात. आरपीजी, म्हणजे या मशीनवरची दुसरी जुनी भाषा, असेल तर गोष्ट निराळी आहे. लिनक्सवर त्यासाठी ग्नूकोबॉलच्या तोडीचा मुक्त कंपायलर माझ्या पाहण्यात नाही, त्यामुळे आरपीजीचा साठा मोठा असेल तर ही वाट म्हणजे पुनर्लेखनच.

डेटा हलवताना एक काळजी घ्या. अख्खी फाइल एबसिडिकमधून (एएस/४०० ची अक्षरसंकेत पद्धत) आस्कीमध्ये (लिनक्सवरची पद्धत) सरसकट बदलू नका. पॅक्ड आकड्यांचे बाइट म्हणजे अक्षरं नव्हेत, ते रूपांतरात बिघडतात आणि परत सुधारता येत नाहीत. मशीनवरच एसक्यूएलने मजकुराच्या रूपात डेटा काढून मग न्यावा, हे सगळ्यांत सुरक्षित.

आता मशीनवरच राहण्याबद्दल. १९८८ साली बाजारात आलेल्या एएस/४०० चा वारस आजही आयबीएम आय या नावाने चालू आहे आणि त्याच्या नव्या आवृत्त्या येत आहेत. त्याच्यात पेस नावाचा भाग आहे, ज्यावर एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्ससाठी बांधलेले प्रोग्रॅम चालतात. २०१८ पासून ओपन सोर्स साधनं इथे आरपीएम पॅकेजांच्या रूपात मिळतात आणि यम वापरून बसवता येतात. एसएसएचने आत शिरलात की बॅश, गिट, पायथन, नोड सगळं हाताशी. आरपीजी आणि कोबॉलचा सोर्स जुन्या सोर्स फायलींतून काढून साध्या मजकूर फायलींत ठेवता येतो आणि कंपायलर तिथूनच तो उचलतो. व्हीएस कोडसाठी ‘कोड फॉर आयबीएम आय’ हे ओपन सोर्स एक्स्टेन्शन आहे. ते वापरायला लागल्यावर, ज्यांनी ग्रीन स्क्रीन कधी पाहिलेली नाही अशी तरुण मंडळीही आठवडाभरात आरपीजीच्या कोडमध्ये हात घालायला लागली. माझ्या दृष्टीने या वाटेची ही फार मोठी जमेची बाजू आहे. माणसं मिळत नाहीत ही तक्रार मी सतत ऐकतो, पण अडचण बऱ्याचदा भाषेची नसून साधनांची असते. मुक्त स्वरूपातलं आरपीजी वाचायला कुणालाच फार जड जात नाही.

इथेही खाचखळगे आहेत. सगळ्यांत आधी भेटतो तो सीसीएसआयडी (मजकूर कुठल्या अक्षरसंकेतात आहे ते सांगणारा क्रमांक) ६५५३५. फाइलवर हा शिक्का असेल तर त्याचा अर्थ ‘हे नुसते बाइट आहेत, रूपांतर करू नका’ असा होतो. मग ओडीबीसी या डेटाबेस जोडणीने वाचताना नावांच्या जागी हेक्साडेसिमल आकड्यांच्या ओळी येतात. जोडणीच्या सेटिंगमध्ये भाषांतर चालू केलं की भागतं, पण कायमचा उपाय म्हणजे फायलींना योग्य सीसीएसआयडी देणं. दुसरी अडचण जर्नलची, म्हणजे फाइलमधल्या बदलांच्या नोंदवहीची. जुन्या फायली बहुधा जर्नल केलेल्या नसतात, आणि बाहेरून कमिट कंट्रोलखाली (बदल पक्के करेपर्यंत मागे घेता येतील अशा रीतीने) त्यात लिहायला गेलं की एसक्यूएल ७००८ ही चूक येते. कमिट बंद करून पुढे जाता येतं, पण मी जर्नल सुरू करावं असंच सुचवेन. जुन्या प्रोग्रॅमना त्याचा उपद्रव होत नाही आणि नव्या कामाला भक्कम आधार मिळतो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पायथन किंवा नोडची जी पॅकेजं आतून सी कोड घेऊन येतात, ती पेसवर प्रत्येक वेळी बांधली जातीलच असं नाही. कंटेनर चालवणारं डॉकरही इथे चालत नाही. आधीच सगळं कंटेनरमध्ये बसवलेल्या मंडळींना हे खटकेल, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

एवढ्यापर्यंत तराजू मला तरी समतोल वाटत होता. तो झुकला तो क्रमवारीच्या प्रश्नावर, आणि याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण तुलना करताना हा मुद्दा कुणी फारसा पुढे आणत नाही.

एबसिडिकमध्ये अक्षरं आधी येतात आणि अंक शेवटी. आधी लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं, मग मोठी, मग अंक. आस्कीमध्ये याच्या उलट: अंक, मग मोठी अक्षरं, मग लहान. वस्तूंचे, पक्षांचे, गोदामांचे कोड निव्वळ अंकांचे असतील तर काहीच बिघडत नाही. पण बहुतेक जुन्या प्रणालींत कोड मिश्र असतात; काही अंकाने सुरू होतात, काही अक्षराने. आता कुठलाही ‘या कोडपासून त्या कोडपर्यंत’ असा रिपोर्ट घ्या. वापरणाऱ्याने ‘पर्यंत’चा रकाना मोकळा सोडला तर जुना प्रोग्रॅम तिथे सगळे नऊ भरतो, कारण एबसिडिकमध्ये नऊ हा सगळ्या अक्षरांच्या वर बसतो आणि सगळे कोड त्याच्या आत येतात. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर आस्कीत चालला की अक्षराने सुरू होणारा प्रत्येक कोड नऊच्या पलीकडे जातो आणि रिपोर्टमधून गळतो. कुठलीही चूक दाखवली जात नाही. रिपोर्ट येतो, बेरीज जुळते, रकाने नीट दिसतात, फक्त स्टॉक कमी असतो.

यावर उपाय नाही असं नाही. कोबॉलमध्ये प्रोग्रॅमची कोलेटिंग सीक्वेन्स (अक्षरक्रम) एबसिडिक आहे असं जाहीर करता येतं आणि ग्नूकोबॉल ते मानतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीची कोलेशन (क्रमाचे नियम) वापरून अंक लॅटिन अक्षरांच्या नंतर लावता येतात, आणि १६ व्या आवृत्तीपासून क्रमवारीचे स्वतःचे नियमही देता येतात. पण आयसीयूचा क्रम भाषेच्या नियमांवर उभा आहे, बाइटच्या मूल्यावर नाही. विरामचिन्हं आणि लहान-मोठी अक्षरं यांच्या बाबतीत तो एबसिडिकशी तंतोतंत जुळवणं जिकिरीचं आहे. शिवाय क्रम ठरवणाऱ्या जागा अनेक होतात. प्रोग्रॅममधली तुलना एका नियमाने, डेटाबेसची ऑर्डर बाय दुसऱ्या, शेल स्क्रिप्टमधली सॉर्ट कमांड त्या वेळच्या लोकॅलप्रमाणे (भाषेच्या सेटिंगप्रमाणे), आणि पायथनने केलेली मांडणी आणखी वेगळी.

जुन्या व्यवसायप्रणाल्यांचा अर्धा कारभार क्रमावर उभा असतो हे इथे लक्षात घ्यावं लागतं. दोन फायली एकाच क्रमाने वाचत जायचं, किल्ली (नोंद ओळखणारा कोड) जुळली की हिशेब करायचा, नाही जुळली तर लहान किल्लीची फाइल पुढे सरकवायची, ही त्या काळची सर्वमान्य रीत. गट बदलला की उपबेरीज छापायची, तेही क्रमावरच. दोन फायलींचे क्रम किंचित जरी वेगळे झाले, तर जुळणी मधूनच सुटते आणि ‘व्यवहार आहे पण मास्टर नाही’ अशा नोंदींचा ढीग लागतो. हे प्रोग्रॅम चुकीचे लिहिलेले नव्हते. ज्या यंत्रावर चालायचं होतं त्याचा क्रम त्यांनी गृहीत धरला, आणि तो शब्दांत कुठेही नोंदवलेला नाही. त्यामुळे शोधायलाही तो सापडत नाही. सोर्समध्ये नऊंची रांग शोधता येते, गृहीतक शोधता येत नाही.

आम्ही जुन्या आणि नव्या बाजूचे रिपोर्ट समोरासमोर ठेवून फरक काढत गेलो. एक फरक मिटला की दुसरीकडे नवा निघायचा. तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक सुटण्यासारखा होता. पण हे कधी संपलं असं खात्रीने म्हणता येईना, आणि स्टॉकच्या आकड्यांबद्दल अशी अनिश्चितता मला पत्करवली नाही.

मशीनवरच राहिलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही. पायथनने किंवा नोडने ओडीबीसीतून डेटा मागितला तरी क्रम मशीनचा डेटाबेस डीबी२ ठरवतो, आणि मूळ सेटिंगमध्ये तो तोच जुना एबसिडिकचा क्रम असतो. पथ्य एवढंच, की आलेला डेटा पायथनमध्ये पुन्हा सॉर्ट करू नये. क्रम हवा तो एसक्यूएलमध्येच मागावा. जुना आरपीजी प्रोग्रॅम आणि नवं वेब पान एकाच फाइलवर एकाच वेळी काम करतात, त्यामुळे एकेक पडदा बदलत जाता येतं आणि कुठेही थांबता येतं. लॉकचंही तसंच. बदलासाठी वाचलेली नोंद दुसऱ्याकडे अडकली असेल तर जुन्या फायली मुळात ६० सेकंद वाट पाहतात आणि मग कळवतात; प्रोग्रॅम त्याच अपेक्षेने लिहिलेले असतात. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात अमर्याद वाट पाहतो, तिथे मर्यादा आपणच घालावी लागते.

म्हणून माझा कौल, थोडा हातचा राखून, मशीनवरच राहण्याकडे आहे. आरपीजी जास्त असेल, कोड मिश्र असतील, आणि वर्षअखेरीचे आकडे कुणाला तरी सही करून द्यायचे असतील, तर मी दुसरा विचार करणार नाही. प्रोग्रॅम मोजके आणि सगळे कोबॉलचे असतील, किल्ल्या निव्वळ अंकी असतील, पडदे तसेही फेकायचेच असतील, आणि आयबीएमच्या पॉवर हार्डवेअरचा खर्च पुढे पेलणार नसेल, तर लिनक्स हा चांगला आणि प्रामाणिक पर्याय आहे. अशा छोट्या प्रणालीसाठी मीही कदाचित तोच घेईन.

तुमचं मशीन एएस/४०० नसून दुसरंच काही असेल तर गणित बदलतं, कारण राहण्याची मुभा प्रत्येकाला नाही. एचपी ३००० हा जुना व्यवसायसंगणक बंद करत असल्याचं एचपीने नोव्हेंबर २००१ मध्ये जाहीर केलं. त्याच्या एमपीई प्रणालीतला तारखेचा एक जुना प्रकार वर्षासाठी सातच बिट राखतो, १९०० पासून मोजतो आणि २०२७ च्या अखेरीस संपतो. तिथे एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) घेऊन वेळ काढता येतो, पण तारखेचा प्रश्न एम्युलेटरच्या आतही सोबत येतोच. डीईसीच्या जुन्या व्हॅक्स संगणकवाल्यांना सिमएच हे ओपन सोर्स सिम्युलेटर आहे. जुना डेटा वाचायला आणि प्रोग्रॅम समजून घ्यायला ते उत्तम, रोजचा व्यवहार त्यावर ठेवावा का याबद्दल मी साशंक आहे.

आणि लिनक्स हेच ज्यांचं ठरलं आहे त्यांनी एक काम डेटा भरण्याआधी करावं. कुठल्या फायलींच्या किल्ल्यांमध्ये अक्षरं आणि अंक मिसळलेले आहेत याची यादी मशीनवरच एसक्यूएलने काढा, आणि त्या फायली क्रमाने वाचणारे सगळे प्रोग्रॅम त्यापुढे लिहा. ती यादी एका पानात मावली तर खुशाल पुढे जा.