इतवारीतून आणलेला कोपर

आमच्या जेवणाच्या टेबलावर मधोमध काय ठेवायचं, हे शेवटी सासूबाईंच्या कानांनी ठरवलं. त्यांना ऐकू फार कमी येतं, समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखतात. दिवाळीत मी 'शंभर वर्षांचं अँटिक' म्हणून पितळेचं उंच शमादान (मेणबत्तीदान) आणलं. त्या दिवशी जेवताना त्या गप्पच होत्या. वाढताना लक्षात आलं, समोर बसलेल्या नातीचं तोंडच त्यांना दिसत नव्हतं.

शमादान फसवंही निघालं. फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहिलं तर टक्कन चिकटलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक धरत नाही. म्हणजे आत लोखंड आणि वर मुलामा. दुकानदारानं ते परत घेतलं नाही, याचा राग अजून आहे.

मग नागपूरच्या इतवारीत, जुन्या भांड्यांच्या एका दुकानात गेले. गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मेट्रोनं चितारओळी चौकात उतरून चालत. हे दुकान लहान आणि अंधारं. मागच्या बाजूला मोडीत आलेली भांडी रचलेली असतात: गुंड, गंज, चरव्या, पानाचे डबे. मोबाइलचा उजेड पाडूनच बघावं लागतं. पोचे मालक स्वतःहून दाखवत नाहीत आणि बिल मागावं लागतं, या दोन गोष्टी मला खटकल्या. पण माल खरा आहे.

तिथं बारा इंची कोपर, म्हणजे पितळेचं उभ्या काठाचं पसरट भांडं, मिळाला. पालथा करून बघितला. तळाची कड घासून गुळगुळीत झालेली, आणि काळेपणा फक्त कानाकोपऱ्यात उरलेला. नव्या 'अँटिक फिनिश' मालाला रसायनानं काळं करतात, तेव्हा बहुतेक वेळा हात लागतो तिथं आणि लागत नाही तिथंही रंग सारखाच दिसतो. याच्या पोटात हातोडीनं मठारल्याच्या बारीक खुणा आहेत, बोट फिरवलं की कळतात. आणि काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय: 'चि. सौ. कां.', पुढचं नाव झिजलेलं, मग 'मामाकडून, १२-५-६४'.

मालक म्हणाले, "ताई, याला मी अँटिक म्हणणार नाही जी. साल तर लिहूनच आहे." जुन्या वस्तूंबद्दलच्या १९७२च्या कायद्यानं अशी वस्तू पुरावशेष, म्हणजे अँटिक, ठरायला निदान शंभर वर्षं जुनी असावी लागते. हा साठ वर्षांचा. दोन किलो शंभर ग्रॅमचे १९०० रुपये दिले. "मशीनवर चमकवून देऊ का?" असं त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं. त्यानं अक्षरं आणखी झिजली असती. घरी चिंच-मीठ लावून घासला आणि लगेच कोरडा पुसला.

आमचं टेबल तीन फूट रुंद आहे. बारा इंची कोपर मधे ठेवला की दोन्हीकडे ताटाला फूटभर जागा उरते. उंची जेमतेम तीन इंच. खाली फेल्टचा गोल तुकडा चिकटवलाय, ओरखडे पडत नाहीत. सध्या त्यात आंबिया बहाराची संत्री आहेत, अख्खी. चिरलेलं फळ किंवा काही आंबट ठेवायचं तर कल्हई हवी, नाहीतर कळकतं. उन्हाळ्यात मोगरा ठेवायचा आहे, तोही आत काचेचं भांडं ठेवून, म्हणजे पाण्याचे डाग पडणार नाहीत.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी काठावरून बोट फिरवत अक्षरं वाचली. त्यांचं माहेर भंडाऱ्याचं, पितळेच्या भांड्यांचं गाव. "माझ्या लग्नात असाच आला होता, जावयाचे पाय धुवायला. स्टील आलं तेव्हा मोडीत दिला," एवढंच म्हणाल्या.

काल जेवताना त्यांनी नातीला परीक्षेचं विचारलं. ती बोलत असताना कोपरावरून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग एक संत्रं सोलून तिच्या ताटात ठेवलं.