सोळा अँपिअरच्या प्लगवर १,२५० अंश : माझे ९७,९५० रुपये कसे गेले

जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे दहावीला विज्ञान शिकवले आणि व्होल्टेज गुणिले करंट बरोबर वॉट हे समीकरण दरवर्षी न चुकता फळ्यावर लिहिले. ही गोष्ट सुरुवातीलाच कबूल करतो, कारण कप भाजण्याच्या विजेच्या भट्टीत मी कसा फसलो हे वाचून तुम्ही ‘सर, तुम्हाला हे कळले कसे नाही?’ असे विचाराल, आणि तो प्रश्न माझ्या पत्नीने आणि दोन माजी विद्यार्थ्यांनी आधीच विचारलेला आहे.

निवृत्तीनंतर मागच्या पडवीत मातीकामाची छोटी कार्यशाळा उभी केली. विजेचे चाक ऑनलाइन मागवले होते, ते आजही उत्तम फिरते, आणि त्यामुळेच माझी भीड चेपली. आमच्या कुंभारवाड्यातल्या आव्यात माठ आणि आखाजीच्या घागरी सुरेख भाजतात, कारण त्यांना पाझरायचेच असते. चहाच्या कपाला मात्र पाझरून चालत नाही. त्यासाठी स्टोनवेअरची माती आणि १,२२० अंशांच्या पुढे जाणारी भट्टी लागते. आतून अठरा इंच लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी भट्टी ७८,५०० रुपयांना मिळेल, १,२५० अंश गाठेल आणि घरातल्या सोळा अँपिअरच्या प्लगवर चालेल, असे विक्रेत्याने सांगितले.

तेव्हाच मला थांबायला हवे होते. २३० व्होल्ट गुणिले १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॉट, आणि एवढ्या पोटाच्या भट्टीला सात-आठ किलोवॉट तरी लागतात. जितकी उष्णता आत जाते तितकीच भिंतींतून बाहेर पडू लागली की तापमान तिथेच थांबते, मग दिवसभर वीज जाळली तरी ते वर सरकत नाही. हा धडा मी मुलांना पातेल्यातल्या पाण्याचे उदाहरण देऊन शिकवलेला आहे. पण समोरचा माणूस प्रत्येक वाक्यात ‘सर’ म्हणत होता, ‘आमची वीट खास आहे, उष्णता बाहेर सोडतच नाही’ असे सांगत होता, आणि त्याने व्हिडिओ कॉलवर लालभडक भट्टी आणि १,२६० हा आकडा दाखवला. तो आकडा खरा असावा, फक्त भट्टी दुसरी होती. त्या कॉलचे रेकॉर्डिंग मी नंतर पुन्हा पाहिले, तेव्हा मागच्या बाजूने थ्री फेजची, म्हणजे घरातल्या प्लगपेक्षा कितीतरी जास्त वीज वाहून आणणारी जाड केबल गेलेली स्पष्ट दिसली. कुंभारवाड्यातल्या आबांनी मला सांगितले होते, “गुरुजी, पहिले पेटाडीसन दखा, मंग पैसा द्या.” मी हसलो होतो.

आगाऊ ३०,००० आणि माल गाडीवर चढवण्यापूर्वी ४८,५०० रुपये यूपीआयने दिले. पैसे पाठवताना पडद्यावर फर्मचे नाव न येता कोणा भलत्याच व्यक्तीचे नाव आले. विचारले तर ‘भागीदाराचे खाते’ असे उत्तर मिळाले. असे उत्तर मिळाले की तिथेच फोन ठेवा. कारखाना गुजरातेत असल्याचे सांगणाऱ्याच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होत होता. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश, गुजरातचा क्रमांक २४ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकायला दोन मिनिटे लागतात. मी तो टाकला भट्टी बंद पडल्यावर, आणि तो निघाला एका कापड व्यापाऱ्याचा.

मातीची पोती, ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) आणि भट्टीतल्या फरश्या यांचे ९,४००, ट्रान्सपोर्टचे ६,२०० आणि वायरिंगचे ३,८५० रुपये वेगळे. पहिल्याच भाजणीत भट्टी ९४० अंशांवर अडली आणि पाच तास तिथेच राहिली. प्लग वितळला, फरशी मधोमध तडकली आणि ग्लेझ खडूच्या भुकटीसारखे कपांवर तसेच राहिले. दुसऱ्या वेळी कॉइलच तुटली. भट्टी घेताना कॉइलची तार कोणती आणि वीट किती अंशांची, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेल्या ‘खास’ विटेला काही किंमत नाही.

यानंतर जे घडले, त्याचा संताप पैसे गेल्याच्या संतापाहून मोठा आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “वीटभट्टी का?” दुसरा आला, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी वाद आहे.” चार खेपा झाल्यावर मला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवण्यात आले, एप्रिलच्या उन्हात एसटीने तिथे पोहोचलो, तर हद्द परराज्याची असल्याचे सांगून त्यांनी अर्जावर पोचसुद्धा दिली नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी त्यांना वाचून दाखवले, तेव्हा “गुरुजी, इथे शाळा नाही” असे उत्तर मिळाले. बँकेने तेवीस दिवसांनी दोन ओळी लिहिल्या : पिन आपणच टाकला होता. टाकला होताच, ते मी कुठे नाकारतो आहे? सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा असेल तर पैसे गेल्यावर लगेच करा, रक्कम खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी. मी भट्टी येण्याची वाट पाहत एकोणीस दिवस घालवले.

ग्राहक आयोगात आता तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. माझ्याकडे १५,००० रुपये मागणाऱ्या वकिलाने यातले काहीच सांगितले नव्हते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे.

भंगारवाल्याने भट्टीचे वजनावर २,६०० रुपये सांगितले आहेत. पुरावा म्हणून ती लागेल, त्यामुळे अजून दिलेली नाही. पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे आणि आबा येता-जाता तिच्याकडे पाहतात, काही बोलत नाहीत.