मांजलपूरचा फ्लॅट आणि ताब्यानंतरची सेवा

बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर सोडून आम्ही मांजलपुरात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. खोल्या हवेशीर, ओटा सासूबाईंच्या उंचीला अगदी बरोबर. पण दुसऱ्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली, पोपडे सुटले. साइट ऑफिसातला मुलगा म्हणाला, "काकू, वॉरंटी एकच वर्षाची असते." साफ चूक! २०१६च्या रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम १४(३) सांगतं: ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. हे लेखी कळवल्यावर मात्र कारागीर आले. नुसता रंग नाही फासला, बाहेरचं प्लास्टर फोडून वॉटरप्रूफिंग केलं. काम चोख झालं.

बिल्डर कंपनीच्या मालकांचं म्हणणं, असल्या कायद्यांनी घरं महागतात. अमेरिकेत कोलोराडोत दाव्यांच्या धास्तीने विमा महागला आणि विक्रीचे फ्लॅट बांधणं कमी झालं, हे खरं. पण आम्ही दावा नव्हे, दुरुस्ती मागत होतो. कर्ज काढून घर घेणाऱ्याने भिंतीचा खर्च पुन्हा का सोसायचा?

घेणार असाल तर गच्ची आणि बाहेरच्या भिंती भर पावसात बघा. ताब्याचं पत्र तारखेसकट जपून ठेवा.