आंबा घाटातल्या तीन पिकअप: बोलेरो मॅक्स एचडी, योद्धा २.० आणि बडा दोस्त आय४

पिकअप घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "एचपी किती?" आणि दुसरा, "एव्हरेज किती देते?" माझ्या मते या दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा: एवढे एचपी किती सीसीतून काढलेत? दसऱ्यापासून या पावसापर्यंत तीन वेगवेगळ्या पिकअप एकाच रस्त्यावर, साधारण सारख्याच लोडवर पळताना बघितल्या आणि स्वतः चालवल्याही. त्यानंतर हे मत पक्कं झालं.

गाड्या अशा. माझी महिंद्रा बोलेरो मॅक्स पिकअप एचडी २.०, चुलतभावाची टाटा योद्धा २.० आणि मेव्हण्याची अशोक लेलँड बडा दोस्त आय४. तिन्ही डिझेल, तिन्ही बीएस६ (धुराच्या नव्या नियमांतल्या). रस्ता रत्नागिरी ते कोल्हापूर, साधारण १३० किलोमीटर. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा, तिथून आंबा घाट चढून मलकापूर, बांबवडे आणि पुढे कोल्हापूर. जाताना बर्फातली मासळी, हंगामात हापूसच्या पेट्या. येताना भाजी, कांदा, गूळ, जे भाडं मिळेल ते. म्हणजे घाट लोडवर चढायचाही आणि लोडवर उतरायचाही. इंजिन पारखायला याहून चांगला रस्ता मला तरी माहीत नाही.

आता आकडे. मॅक्स एचडी २.० मध्ये २५२३ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन आहे, ताकद ५९.७ किलोवॅट म्हणजे ८० एचपी, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर २२० न्यूटन-मीटर. योद्धाचं इंजिन २१७९ सीसी, चार सिलेंडर, १०० एचपी आणि २५० न्यूटन-मीटर. बडा दोस्तचं १४७८ सीसी, तीनच सिलेंडर, ८० एचपी आणि १९० न्यूटन-मीटर. पासिंग, म्हणजे कायद्याने भरता येणारं वजन, योद्धाचं दोन टन, बडा दोस्त आय४ चं त्याच्या थोडं खाली.

बघा, बोलेरो आणि बडा दोस्त दोघींचे एचपी सारखेच, ८०. पण एक ते अडीच लिटरमधून काढते आणि दुसरी दीड लिटरमधून. इंजिनाच्या दर लिटरमागे एचपीचा हिशेब केला तर बोलेरो ३२ च्या आसपास, योद्धा ४६, बडा दोस्त ५४. टाटाच्याच इंट्रा व्ही५० मध्ये तर दीड लिटरच्या इंजिनातून २२० न्यूटन-मीटर टॉर्क काढलाय, म्हणजे बोलेरोच्या अडीच लिटरइतका. हे जमतं ते टर्बोमुळे आणि कॉमन रेलच्या (मोठ्या दाबाने डिझेल सोडणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक फवाऱ्यामुळे. हवा दाबून भरायची, डिझेल हजार बारच्या कितीतरी पुढच्या दाबाने सोडायचं, की छोटं इंजिन मोठ्याचं काम करतं. यात फसवणूक काही नाही. फक्त ते काम करताना त्याच्या पिस्टनवर, बेअरिंगवर आणि टर्बोवर किती भार येतो, हे ब्रोशरवर छापलेलं नसतं.

बोलेरोच्या इंजिनाचं माप मला फार आवडतं. बोअर (सिलेंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६. इंचात केलं तर बरोबर साडेतीन बाय चार. हे माप जुन्या ट्रॅक्टरच्या जमान्यातलं, आणि ते इंजिन वागतंही तसंच. लांब स्ट्रोक, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर ओढ, वर पळवायला गेलं की कुरकुर. योद्धाचं ८५ बाय ९६, म्हणजे थोडं आटोपशीर. त्याचा टॉर्क खालपासूनच तयार असतो आणि अडीच हजार आरपीएमपर्यंत टिकतो.

साखरप्यापासून वर चढायला लागलं की हा फरक ब्रोशरशिवायही समजतो. ज्या वळणावर माझी गाडी दुसऱ्यात टाकावी लागते, तिथे योद्धा तिसऱ्यावर निघून जाते. वळण संपून पुन्हा ॲक्सिलेटर दिला की योद्धा लगेच उचलते. त्या वीस एचपींचा आणि तीस न्यूटन-मीटरचा उपयोग होतो तो इथे, सपाटीवर नाही. बोलेरोला गिअर पाडावा लागतो, पण एकदा दुसऱ्यात बसली की अर्ध्या ॲक्सिलेटरवर आवाज न बदलता वर जाते. बडा दोस्तही चढते, अडत नाही, मात्र ड्रायव्हरचा पाय सतत दाबलेला असतो. टर्बोचा दाब टिकेल अशा फेऱ्यांवर ती ठेवावी लागते. दाब सुटला तर गिअर पाडा आणि पुन्हा चढवा. मेव्हण्याला ते अंगवळणी पडलंय. त्याच्याकडचा नवा ड्रायव्हर मात्र पहिले काही आठवडे घाटात क्लच घासत होता.

वेळेचं म्हणाल तर घाट चढून वर आंब्याला पोचेपर्यंत तिघींत पाच-सात मिनिटांचा फरक पडतो. मासळीवाल्याला पहाटेचा बाजार गाठायचा असतो, त्याला तेवढी मिनिटं मोलाची. चिरा वाहणाऱ्याला काहीच फरक पडत नाही.

उतरणीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मलकापूरकडून कांदा भरून खाली येताना गाडी ब्रेकने नाही, इंजिनने धरायची असते. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे. आता अडीच लिटरचं इंजिन आणि दीड लिटरचं इंजिन एकाच गिअरमध्ये सारखं धरत नाही. मोठं जास्त हवा ओढतं, जास्त अडवतं. एचपी सारखे असले तरी इंजिन ब्रेकिंग सारखं नसतं, ते सीसीवर आणि गिअरिंगवर ठरतं. माझी गाडी दुसऱ्यात सोडली की ब्रेकवर पाय नुसता ठेवलेला पुरतो. छोट्या इंजिनाच्या गाडीला अजून एक गिअर खाली घ्यावा लागतो आणि वेळ जास्त लागतो. घेतला नाही तर ब्रेक लायनर तापून वास सुटतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणारे महाभाग आजही आहेत. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. शिवाय गिअरमध्ये असताना पाय काढला की कॉमन रेल इंजिन तसंही डिझेल बंद करतं, त्यामुळे वाचवायला काही उरतच नाही.

एव्हरेज. टाकी फुल ते टाकी फुल, त्याच पंपावर, लोडसकट हिशेब धरलाय. डॅशबोर्डवरचा आकडा मी मोजत नाही. बडा दोस्त साडेतेराच्या आसपास, बोलेरो बारा, योद्धा अकरा ते साडेअकरा. १३० किलोमीटरला बोलेरोला जवळपास अकरा लिटर लागतात आणि बडा दोस्तला त्याहून सव्वा लिटर कमी. डिझेल नव्वदच्या घरात धरलं तर एका बाजूच्या खेपेला शंभर-सव्वाशे रुपये वाचतात. रोज पळणाऱ्या गाडीला वर्षाकाठी ही रक्कम लहान नाही.

पण यात एक गंमत आहे. ही बचत घाटात होत नाही, ती मलकापूर ते कोल्हापूर या पट्ट्यात होते. सपाटीवर छोटं इंजिन आरामात चालतं आणि कमी पितं. साखरपा ते आंबा या चढात तिघींचा खर्च जवळजवळ सारखाच वाटतो, कारण दोन टन वजन तेवढं उंच न्यायला जी ऊर्जा लागते ती लागतेच, इंजिन कितीही सीसीचं असो. त्यामुळे ज्याचा धंदा पुणे-सोलापूरसारख्या सपाट रस्त्यावर आहे, त्याला दीड लिटरचं इंजिन माझ्यापेक्षा जास्त फायद्याचं पडेल. आणि आम्ही आपसात ड्रायव्हर बदलून पाहिले तेव्हा एव्हरेजमध्ये जेवढा फरक पडला, तेवढा गाड्या बदलून पडला नव्हता. हे लिहायला बरं वाटत नाही, कारण आमच्यातला सगळ्यात कमी एव्हरेज देणारा ड्रायव्हर म्हणजे चुलतभाऊच, आणि तो हे वाचणार.

टिकाऊपणा. खरं तर काही महिन्यांच्या वापरावर इंजिन टिकेल की नाही हे कोणीही सांगू नये. आमच्या काकांकडे बीएस६ च्या आधीची बोलेरो पिकअप आहे, तीच २५२३ सीसी, चार लाख किलोमीटरच्या पुढे गेली आणि हेड अजून खोललेलं नाही. लोक असे दाखले देऊन नवी गाडी घेतात. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आलं आणि त्याच मापाच्या ब्लॉकभोवतीचं सगळं बदललं. डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) आला, सेन्सर वाढले. काकांच्या गाडीचा दाखला ब्लॉकपुरता खरा, बाकी गाडीला तो लागू नाही.

तरीही लिटरमागे कमी ताकद काढलेलं इंजिन जास्त टिकतं, या समजुतीत तथ्य आहे. अमेरिकेतले पिकअपवाले ज्या कमिन्स ५.९ लिटर इंजिनाच्या आजही कहाण्या सांगतात, ते १९८९ मध्ये डॉज रॅममध्ये आलं तेव्हा फक्त १६० एचपीचं होतं. लिटरमागे २७, म्हणजे आमच्या बोलेरोपेक्षाही कमी! तेच ५.९ टाटा कमिन्सच्या रूपाने आपल्याकडच्या ट्रकमध्ये आलं आणि इथल्या फिटरांनाही तोंडपाठ झालं. त्याच घराण्यातलं आजचं ६.७ लिटरचं इंजिन रॅममध्ये ४०० एचपीच्या पुढे गेलंय. म्हणजे ताकद वाढवता येते, पण त्यासाठी धातू, कूलिंग आणि ऑइल सगळंच वरच्या दर्जाचं लागतं, आणि ऑइल बदलायला चुकलं तर माफी कमी मिळते. आपल्याकडे इसुझू डी-मॅक्सचं इंजिनही याच जुन्या मताचं, २४९९ सीसीमधून ७८ एचपी. आमच्या रस्त्यावर ती क्वचितच दिसते, म्हणून तुलनेत घेतली नाही.

आमच्या तिन्ही गाड्यांत आतापर्यंत जो काही त्रास झाला, तो ब्लॉक-पिस्टनचा नव्हे, डिझेल आणि धुराकडचा. कोणत्या गाडीला काय झालं हे नावानिशी सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हताच. एका पंपावरून भर पावसात डिझेल घेतलं, त्यात पाणी होतं. गाडी मिसिंग करायला लागली आणि दोन इंजेक्टर गेले. जुन्या पंप-नोझलच्या गाड्या असल्या डिझेलवरही धूर काढत घरी यायच्या, कॉमन रेलला ते चालत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात डिझेल फिल्टरखालचं पाणी आम्ही दर आठवड्याला सोडतो. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं प्रकरण डीपीएफचं. हा फिल्टर काजळी धरून ठेवतो आणि धूर पाच-सहाशे अंशांपर्यंत तापला की जाळून टाकतो. घाटात लोडवर चढणाऱ्या गाडीला ही उष्णता आपोआप मिळते, त्यामुळे कोल्हापूरच्या खेपांवर त्याचा दिवा कधी लागला नाही. मासळी कमी असते त्या दिवसांत एक गाडी मिरकरवाडा जेटी ते बर्फ फॅक्टरी अशा छोट्या फेऱ्या मारत होती, इंजिन गरम व्हायच्या आत बंद. दिवा तिलाच लागला. तो लागला की चालू गाडी हायवेवर नेऊन थोडा वेळ एकसारख्या आरपीएमवर चालवायची, अर्ध्यात बंद करायची नाही. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते पातळ झालंय असं समजा. ऑइलही कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं. गावातल्या एका गॅरेजवाल्याने "सगळी ऑइलं सारखीच" म्हणत ट्रॅक्टरचं ऑइल ओतायला घेतलं होतं. वेळेवर हात धरला.

मासळीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून खाली गळतं आणि चेसिस, अर्थिंगच्या वायरी, सेन्सरचे कनेक्टर, सायलेन्सरचे नट सगळं खातं. आमच्याकडे इंजिन मरण्याआधी त्याच्या भोवतालच्या वस्तू मरतात. हौद्याला नीट उतार आणि मागे पाइप काढून घ्या. खेप झाल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू नका.

आवाज आणि थरथर यावर फार लिहीत नाही. तीन सिलेंडरला उभ्या गाडीत थरथर जास्त असते, चालू लागली की जाते. केबिन बडा दोस्तची प्रशस्त वाटली. बोलेरो आणि योद्धाचं बॉनेट पुढे असल्यामुळे फिटरला उभ्याने काम करता येतं.

आज पुन्हा घ्यायची झाली तर रोज घाट आणि वेळेची घाई असणाऱ्याने योद्धा बघावी, डिझेल थोडं जास्त जाईल. शहरात आणि सपाट हायवेवर, वजन पासिंगच्या आत ठेवून चालवणाऱ्याला बडा दोस्त परवडते. मी स्वतः बोलेरोच घेईन, कारण माझ्या फेऱ्या गावातल्या चिऱ्याच्या खाणीपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्या प्रकारच्या आहेत आणि ते इंजिन कशातच दमलेलं वाटत नाही. पासिंगच्या दीडपट भरायचा विचार असेल तर मात्र यातली कोणतीच घेऊ नका, सरळ वरच्या टनाची गाडी बघा.

ट्रायल मागताना शोरूमला स्पष्ट सांगा की रिकामी गाडी नको. हौद्यात निदान टनभर वजन टाकून जवळच्या चढावर न्या, अर्ध्या चढात थांबवा आणि पहिल्यातून उचला. मग त्याच चढावरून दुसऱ्यात खाली सोडा आणि ब्रेक किती वेळा दाबावा लागतो ते मोजा.