ड्रायर चांगला, पण खालून पाणी गळतं तेव्हा काय करायचं ते वाचा

डोंबिवलीत राहतो, पावसाळ्यात कपड्यांना येणारा तो कुबट वास सहन होईना म्हणून ७ किलोचा कंडेन्सर ड्रायर घेतला. वाळवतो एकदम झकास, टॉवेल तर असे मऊ की आई पण खुश. पण आठ-नऊ महिन्यांनी मशीनखाली पाण्याचं थारोळं दिसायला लागलं. आधी वाटलं बाजूच्या वॉशिंग मशीनचंच असेल, पण ते बंद असताना पण लादी ओलीच.

कस्टमर केअरवाला फोनवरच म्हणे पंप गेला, बदलावा लागेल. अरे बाबा बघ तरी आधी! शेवटी प्लग काढून मीच बसलो. यात कसंय, कपड्यातली वाफ थंड होऊन पाणी तळाच्या खोलगट भागात जमतं आणि तिथून छोटा पंप ते वरच्या टाकीत चढवतो. टाकी नीट आत ढकललेली होती, दाराचं रबर पण ठीक. मग खालची झडप उघडून कंडेन्सर (वाफ थंड करणारा भाग) बाहेर ओढला तर आत कापसाच्या बोळ्यासारखा ओला लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू, ई! पाणी पंपापर्यंत जातच नव्हतं, भरून बाहेर सांडत होतं. सगळं काढलं, कंडेन्सर नळाखाली धुतला, त्याच्या कडेचं रबर पुसून परत घट्ट बसवला. दोन लोड झाले, लादी कोरडी.

मशीनला ४ स्टार, सर्व्हिसला १, तो पण फोन उचलला म्हणून. आणि हो, दाराजवळची लिंट अडवणारी जाळी दर वेळी साफ करा, मी आळस केला होता.