एका विचाराची अनेक माध्यमे : पुण्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

एकच विचार अनेक माध्यमांतून मांडणाऱ्या एकात्मिक जाहिरात मोहिमेची आखणी म्हणजे टीव्हीसाठी केलेली फिल्म कापून तिची रील करणे आणि तिच्यातील एक चित्र होर्डिंगवर लावणे, असा समज आपल्याकडे जाहिरात एजन्सीतही चांगलाच रुजलेला आहे. पुण्यात नोकरदारांसाठी शनिवार-रविवारी चालणाऱ्या एका अभ्यासवर्गात मी नुकतीच क्रिएटिव्ह स्ट्रॅटेजी, म्हणजे जाहिरातीमागील मूळ विचार ठरवण्याची पद्धत, शिकले. या समजाला तिथे पहिल्याच दिवशी हात घातला जातो, आणि मला हा वर्ग मोलाचा वाटला तो त्यामुळेच.

वर्गाचा प्राण म्हणजे एका पानाचा ब्रीफ (जाहिरात कोणासाठी आणि काय सांगण्यासाठी करायची याचे टिपण) लिहिण्याचा सराव. चकलीची भाजणी विकणाऱ्या एका काल्पनिक गृहउद्योगासाठी आमच्यातील एका गटाने ‘25 ते 45 वयोगटातील गृहिणी’ आणि ‘शुद्ध, घरगुती चव’ असे लिहून आणले. प्रशिक्षकांनी दोन्ही ओळींवर काट मारली आणि एवढेच विचारले, की पहिली चकली तेलात सोडताना करणाऱ्याच्या मनात काय असते? उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होते : मोहन जास्त झाले असेल तर चकली विरघळेल, कमी झाले असेल तर कडक होईल, ही धास्ती. चवीचा प्रश्न त्यानंतरचा. ‘चकली बिघडणार नाही’ हा विचार एकदा हाती आल्यावर माध्यमे आपोआप कामाला लागली. पाकिटावर वाटीच्या मापाने पाणी आणि मोहन, किराणा दुकानात तळून दाखवण्याचा प्रयोग, फराळाच्या आठवड्यात अडलेल्यांसाठी मदतीचा फोन, आणि रेडिओवर त्याच फोनवरील संभाषणे, असा आराखडा उभा राहिला. यातील कोणतीही गोष्ट दुसरीची नक्कल नव्हती, तरी प्रत्येकीतून एकच आश्वासन ऐकू येत होते.

अभ्यासासाठी निवडलेली उदाहरणेही नेमकी होती. 2013 च्या प्रयागच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने पोळ्यांवर ‘लाइफबॉय से हाथ धोये क्या?’ हा प्रश्न तापलेल्या शिक्क्याने उमटवला होता. हात धुण्याची आठवण नेमकी घास घेण्याआधी व्हावी, म्हणून पोळी हेच माध्यम झाले. एरियलच्या 2015 मध्ये सुरू झालेल्या ‘शेअर द लोड’ मोहिमेवर तर अख्खे सत्र होते. कपडे धुणे हे केवळ बाईचेच काम आहे का, हा प्रश्न फिल्मपुरता न ठेवता पाकिटापर्यंत आणि कपड्यांच्या लेबलापर्यंत कसा नेला, हे टप्प्याटप्प्याने उलगडून दाखवले गेले. जाहिरात आवडणे आणि तिच्यामागील निर्णय समजणे यांतील अंतर मला इथे स्पष्ट दिसले.

उणिवा मात्र गंभीर आहेत. मोहिमेचा परिणाम मोजण्याचा भाग शेवटी घाईघाईने उरकला गेला. विक्री वाढली ती मोहिमेमुळे, सणामुळे की किंमत उतरवल्यामुळे, हे कसे ओळखावे याचा सराव झालाच नाही. त्याहून खटकले ते मराठीचे स्थान. सर्व ब्रीफ इंग्रजीत लिहायचे आणि मराठी ओळी अगदी अखेरीस ‘अ‍ॅडॅप्टेशन’ म्हणून करायच्या, हीच एजन्सीतील रीत वर्गानेही उचलली आहे. भाजणीसारख्या विषयात इनसाइट, म्हणजे ग्राहकाच्या मनातील नेमकी गोष्ट, मराठी स्वयंपाकघरातून आली असताना तिचा विचार परभाषेत करून पुन्हा मराठीत आणणे मला मुळीच पटले नाही, आणि अभिप्रायाच्या अर्जात मी ते सविस्तर लिहिले आहे.

शुल्क नवख्या विद्यार्थ्याला जड जाईल असे आहे. क्लायंट सर्व्हिसिंगमध्ये (एजन्सीच्या ग्राहकांशी व्यवहार सांभाळण्याच्या कामात) किंवा जाहिरातीचा मजकूर लिहिणारा कॉपीरायटर म्हणून दोन-तीन वर्षे काढलेल्यांना त्याचा पुरेपूर मोबदला मिळेल, कारण प्रत्येक ब्रीफवर प्रशिक्षकांचे हाताने लिहिलेले, ओळीगणिक शेरे परत मिळतात आणि सुधारलेला मसुदाही ते तितक्याच आस्थेने वाचतात. स्वतःचा छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांनी मात्र पूर्ण वर्गाऐवजी ब्रीफलेखनाची सत्रे स्वतंत्रपणे घेता येतात का, हे आधी विचारून घ्यावे.